काटा आणि उतारा

१८ किलो माल आत टाकला आणि १८ किलो ७२० ग्रॅम माल बाहेर आला, असं कोणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? फर्स्ट इयरचं पोरगंसुद्धा म्हणेल, "काहीतरी गडबड आहे." आमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टात मात्र हेच छापलेलं होतं. काळं बाईंडिंग, वर सोनेरी अक्षरं, चार प्रती. आम्ही दोघांनी तो रिपोर्ट वाचला होता, गाईड मॅडमनी वाचला होता, रिव्ह्यूला बसलेल्या सरांनी चाळला होता. कोणाच्याही डोळ्यांना ते खुपलं नाही, कारण ते तीन आकडे तीन वेगवेगळ्या पानांवर होते आणि त्यांची बेरीज कोणीच केली नव्हती.

ही बेरीज कशी झाली आणि त्यातून 'कार्यक्षमता' या शब्दाचा फंडा मला कसा कळला, ते सांगण्यासाठी हा लेख. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट करणाऱ्या ज्युनिअर्सनी जरूर वाचावा. इतरांनी करमणूक म्हणून वाचला तरी हरकत नाही.

विषय कसा सुचला

आपलं शहर बिअरच्या कारखान्यांसाठी देशभर ओळखलं जातं. वाळूजला ट्रेनिंगला जाऊन आलेला प्रत्येक केमिकलवाला त्याबद्दल दोन गोष्टी ऐकून येतो. त्यातली एक म्हणजे 'हाय ग्रॅव्हिटी ब्रूइंग'. म्हणजे मुळात गोड, दाट रस तयार करायचा, तो तसाच दाट आंबवायचा आणि शेवटी हवा काढून टाकलेलं पाणी घालून हवा तेवढा पातळ करायचा. तेवढ्याच टाक्यांतून जास्त बिअर निघते. ऐकायला एकदम सोपं!

आम्ही ठरवलं, याचा पहिला अर्धा भाग लॅबमध्ये करून बघू. जवाचं माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेले जव) भरडायचं आणि ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं. माल्टमधलेच एन्झाइम पिठाची साखर करतात. मग तो गोड रस निथळून घ्यायचा आणि राहिलेला चोथा गरम पाण्याने धुवायचा. या धुण्याला 'स्पार्जिंग' म्हणतात आणि सगळा रस मिळून जे होतं त्याला 'वर्ट'. रेक्टर सरांच्या माहितीसाठी इथेच स्पष्ट करतो की आम्ही यात यीस्ट घातलं नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणं, बनवणं हा गुन्हा आहे, मग ते घरी असो की हॉस्टेलवर. आमचा वर्ट उकळून दुधात घालून प्यायला गेला. विंगमधल्या पोरांचं मत पडलं की हे तर हॉर्लिक्सचं चुलत भावंड आहे!

दोन घाणे केले. पहिला साधा: २ किलो माल्ट, ६ लिटर पाण्यात भिजवलं, ५.५ लिटर पाण्याने धुतलं. दुसरा दाट: ४ किलो माल्ट, १० लिटर पाण्यात भिजवलं, ४ लिटरने धुतलं. पहिल्याचा वर्ट १२ ब्रिक्स आला. तो आंबवला असता तर साधारण ५ टक्क्यांची माइल्ड बिअर झाली असती. दुसऱ्याकडून आम्हाला ८ टक्क्यांच्या आसपासचा स्ट्राँगचा वर्ट हवा होता. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा मानकांमध्येही हेच दोन आकडे आहेत: ५ टक्क्यांपर्यंत साधी, त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग.

कार्यक्षमता म्हणजे उतारा

माझा रूम पार्टनर पैठण तालुक्यातला. घरी ऊस. 'मॅश एफिशियन्सी' म्हणजे काय, हे त्याला मला समजावून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे उतारा." अगदी बरोबर! १०० किलो उसातून ११ किलो साखर निघाली तर उतारा ११ टक्के. इथे फरक एवढाच की माल्टमधून जास्तीत जास्त जेवढं निघू शकतं, त्याच्याशी आपण तुलना करतो. आमच्या माल्टमध्ये ओलाव्यासकट किलोमागे ७६० ग्रॅम विरघळणारा अर्क होता. म्हणजे २ किलोत १.५२ किलो आणि ४ किलोत ३.०४ किलो. यातलं किती हातात आलं, तो आपला उतारा.

हातात किती आलं हे काढायचं सूत्र सोपं आहे:

अर्क (किलो) = लिटर × घनता × ब्रिक्स ÷ १००

मधली घनता विसरू नका. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रवात किती ग्रॅम साखर, १०० मिलीत नव्हे. पातळ रसात फरक थोडा पडतो, पण १८-१९ ब्रिक्सला घनता १.०७७ च्या आसपास असते. नुसतं लिटर गुणिले ब्रिक्स केलं तर सात टक्के अर्क कागदावरच सांडतो.

पहिला घाणा: १० लिटर, घनता १.०४८, ब्रिक्स १२. अर्क १.२६ किलो. उतारा ८३ टक्के.

दुसरा घाणा: १२ लिटर, घनता १.०८५, ब्रिक्स २०.५. अर्क २.६७ किलो. उतारा ८८ टक्के!

आम्ही उडालोच. सगळी पुस्तकं सांगतात की रस दाट करायला गेलं की उतारा घटतो, आणि आमचा तर वाढला! रिपोर्टचं शीर्षकच आम्ही तसं दिलं, 'उतारा न घटवता दाट वर्ट'. रिव्ह्यूला कौतुक झालं. पार्टनरने तो आकडा रेझ्युमेत टाकला.

गुलमंडीतली बादली

सबमिशनला चार दिवस उरले होते. बाईंडिंगच्या प्रती घ्यायला मी औरंगपुऱ्यात गेलो आणि तिथून चालत गुलमंडीत आलो. कारण एकच, आमची १५ लिटरची प्लास्टिकची बादली तडकली होती आणि लॅबला ती परत करायची होती. गुलमंडी तुम्हाला माहीतच आहे. सुपारी हनुमानापासून टिळक पथाकडे निघालं की कपड्यांच्या दुकानांच्या गर्दीतून आपली वाट आपणच काढायची. बाजूच्या एका गल्लीत भांड्यांचं जुनं दुकान आहे, पहिली बादलीही आम्ही तिथूनच घेतली होती.

काकांनी तशीच बादली काढून दिली. मी सहज विचारलं, "काका, याच्यावरच्या लिटरच्या खुणा बरोबर असतात ना?"

काका हसले. म्हणाले, "बाळ, त्या रेषा दिसायला असतात. अंगोळीच्या पाण्याला कोण मोजायलंय? माप पाहिजे असेल तर शिक्क्याचं घे." आणि त्यांनी वरच्या फळीवरून दूधवाल्यांचं लिटरचं माप काढून दाखवलं. त्याच्यावर वैधमापन खात्याचा शिक्का होता. "ह्याच्यावर खोटं निघालं तर आमच्यावर केस होती. बादलीवर कोण केस करतंय?"

मी बादली घेतली, पण रस्ताभर डोक्यात एकच. पहिल्या घाण्याचा वर्ट आम्ही रात्रभर थंड करून, दुसऱ्या दिवशी लॅबच्या १ लिटरच्या सिलिंडरने मोजला होता. दुसऱ्याच्या वेळी लॅब बंद व्हायची वेळ झाली होती. वर्ट गरम आणि चिकट. सिलिंडरमध्ये बारा वेळा कोण ओतणार? बादलीच्या रेषेवर बघितलं, १२ लिटर लिहिलं, आणि मेसला पळालो.

रूमवर आल्यावर रिपोर्ट उघडला. चोथ्याचं वजन एका कोष्टकात होतं: ५.७ किलो. ते आम्ही लॅबच्या काट्यावर केलेलं, त्यामुळे त्यात शंका नाही. आत टाकलेलं पाणी सिलिंडरने मोजलेलं १४ लिटर, म्हणजे १४ किलो. माल्ट ४ किलो. एकूण आत १८. बाहेर? वर्ट १२ लिटर गुणिले १.०८५, म्हणजे १३.०२ किलो. अधिक चोथा ५.७. एकूण १८.७२.

वाफ झाली, भांड्याला चिकटलं, थोडं सांडलं, हे सगळं सोडून वर ७२० ग्रॅम! आम्ही लॅबमध्ये चक्क वस्तुमान निर्माण केलं होतं.

"कोण बघायलंय रे?"

पार्टनरला दाखवलं. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "कोण बघायलंय रे? बाईंडिंग झालंय. रेझ्युमे गेलाय. चार दिवसांत काय करणार?"

खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. चार प्रतींचे पैसे, परत टायपिंग, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मॅडमना तोंड दाखवणं. रात्री मेसमध्ये मी त्याला विचारलं, "तुझे बाबा कारखान्यावर गाडी नेतात तेव्हा आधी काय बघतात?" तो म्हणाला, "काटा." त्याच्या बोलण्यात नेहमी असतं की बाबा बाहेरच्या काट्यावर एकदा वजन करून बघतात, मग कारखान्याच्या काट्यावर जातात आणि दोन्ही पावत्या जपून ठेवतात. काटामारी हा ऊसवाल्यांचा जुना राग. उताऱ्याचं तर विचारूच नका. तो पूर्ण कारखान्याचा सरासरी असतो, आणि कारखाना सांगेल तो. २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरली, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला वर साडेतीन रुपयांच्या आसपास. म्हणजे उताऱ्यातल्या दशांशालाही त्याच्या घरी भाव आहे.

मी पुढे काहीच बोललो नाही. हात धुवून आल्यावर तोच म्हणाला, "चल, उद्या परत लावू घाणा. पण या वेळी काट्यावर."

तिसरा घाणा

आधी मॅडमकडे गेलो. त्या चिडल्या नाहीत. बेरीज त्यांनी स्वतः करून बघितली, मग म्हणाल्या, "ही मीही करायला हवी होती." लॅब दोन दिवस उशिरापर्यंत उघडी ठेवायची परवानगी त्यांनीच काढून दिली.

तीच कृती, तेच माल्ट, ४ किलो. फक्त या वेळी रिकामं पातेलं आधी काट्यावर ठेवलं आणि वर्ट लिटरने न मोजता वजनाने मोजला. वजनाला गरम-थंड कळत नाही, म्हणून थांबायचीही गरज नाही. ब्रिक्ससाठी वर्ट पळीने तळापासून ढवळून मग नमुना घेतला.

वर्ट ११.९५ किलो. ब्रिक्स १८.६. चोथा ५.७५ किलो. बेरीज १७.७०. उरलेले ३०० ग्रॅम वाफेत आणि भांड्यांना. आता हिशेब माणसात आला!

अर्क २.२२ किलो. उतारा ७३ टक्के. म्हणजे ८८ नाही, आणि पहिल्या घाण्यापेक्षा १० टक्क्यांनी कमी. पुस्तकं बरोबर होती.

मग ८८ कुठून आले होते? तडकलेल्या बादलीत १२ च्या रेषेच्या वर तडा होता, त्यामुळे तपासता आली. त्या रेषेपर्यंत पाणी भरून वजन केलं तर ते ११.४ किलो भरलं. दुसरं म्हणजे वर्ट ८० अंशांच्या आसपास होता. एवढ्या गरम पाण्याचं आकारमान २० अंशांच्या पाण्यापेक्षा २.७ टक्क्यांनी जास्त असतं. म्हणजे थंड झाल्यावर ते ११.१ लिटरच होतं. तिसरं, नमुना आम्ही न ढवळता तळाच्या नळातून घेतला होता. पहिला निथळलेला रस २२ ब्रिक्सचा, जड, तो तळाशी बसतो. नंतरचं धुवणीचं पाणी हलकं, ते वर राहतं. आम्ही तळाचा दाट रस मोजला आणि सगळी बादली तेवढीच गोड धरली. तिन्ही चुका एकाच दिशेला, आकडा वाढवणाऱ्या. त्या उलटसुलट असत्या तर एकमेकींना खाऊन गेल्या असत्या आणि आम्हाला कधी कळलंही नसतं.

उतारा घटतो कशामुळे?

हे समजायला एकच गोष्ट लक्षात ठेवा. माल्टचा चोथा किलोमागे साधारण १ लिटर रस धरून ठेवतो, आणि तो गोडच असतो.

पहिला घाणा बघा. ६ लिटर गोड रसातला २ लिटर चोथ्यात अडकला, म्हणजे एक तृतीयांश साखर आत. त्यावर ५.५ लिटर पाणी घातलं, एकूण ७.५ लिटर झालं, त्यातलं २ लिटर पुन्हा अडकलं. म्हणजे एक तृतीयांशातला पाव हिस्सा गेला, साधारण ९ टक्के.

दुसरा घाणा. १० लिटरमधला ४ लिटर अडकला, म्हणजे ४० टक्के साखर आत. धुवायला फक्त ४ लिटर. एकूण ८, त्यातलं निम्मं पुन्हा अडकलं. म्हणजे ४० चे अर्धे, २० टक्के गेले.

आता एन्झाइमनी किती काम केलं तेही तपासता येतं. ४ किलो माल्टमधला सगळा अर्क १० लिटर पाण्यात उतरला असता तर पहिला रस २३ ब्रिक्सचा आला असता. आम्हाला २२ आला. म्हणजे ३.०४ पैकी २.८८ किलो अर्क विरघळला होता, सुमारे ९५ टक्के. एन्झाइमची तक्रार नाही. ९५ टक्क्यांतले २० टक्के चोथ्यात गेले की उरतात ७६. आमचे ७३ आले, कारण प्रत्यक्षात पाणी चोथ्यात सगळीकडे सारखं फिरत नाही. हा हिशेब कागदावर करायला पाच मिनिटं लागतात. आधी केला असता तर ८८ बघून आनंद होण्याऐवजी घाम फुटला असता!

मग जास्त पाण्याने का धुवत नाहीत? साखर कारखान्यातही चिपाडावर पाणी मारून उरलेली साखर काढतात, पण ते पाणी पुढे आटवावं लागतं. इथेही तेच. आणखी ४ लिटरने धुतलं तर साधारण ३०० ग्रॅम अर्क मिळेल, पण रस पुन्हा तेवढ्याच लिटरवर आणायला ४ लिटर पाणी उडवावं लागेल. एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. गरम करण्यासकट एकूण १० मेगाज्यूलच्या वर. शेगडीची निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर ४०० ग्रॅमहून जास्त गॅस! शिवाय शेवटच्या धुवणीत टरफलाचा तुरटपणा उतरतो तो वेगळाच. म्हणून दाट रस करणारे काही जण घटलेला उतारा मान्य करतात, आणि काही जण शेवटची पातळ धुवणी फेकून न देता पुढच्या घाण्यात भिजवायला वापरतात. आपल्या मराठवाड्यात ही दुसरी युक्ती मला जास्त पटते. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. त्या वर्षीचं जायकवाडी ज्यांनी बघितलं आहे, त्यांना धुवणीच्या लिटराची किंमत मी सांगायला नको.

ज्युनिअर्ससाठी

१. बादली, पातेलं, कॅन, काहीही वापरा, पण आधी त्यात काट्यावर पाणी भरून खुणा स्वतःच्या हाताने करा.

२. जमेल तिथे लिटरऐवजी किलो मोजा. लिटरच मोजायचे असतील तर सोबत तापमान लिहा.

३. नमुना घेण्याआधी तळापासून ढवळा. हायड्रोमीटर वापरणार असाल तर नमुना त्यावर लिहिलेल्या तापमानाला आणा, बहुतेक वेळा ते २० अंश असतं. यीस्ट घातलेल्या रसात रिफ्रॅक्टोमीटरवर थेट विश्वास ठेवू नका, अल्कोहोलमुळे वाचन चुकतं.

४. उतारा एकटा लिहू नका. त्याच्या शेजारी किती किलो आत गेलं, किती बाहेर आलं, हे एकाच पानावर लिहा. आणि बेरीज करा!

५. आकडा अपेक्षेपेक्षा चांगला आला तर आधी काटा तपासा, मग पार्टी करा.

असो. रिपोर्ट नव्याने टाईप झाला. शीर्षक बदललं, आता ते इतकं साधं आहे की इथे लिहायलाही कंटाळा येतो. जुनं पान आम्ही फाडून टाकणार होतो. मॅडम म्हणाल्या, "फाडू नका, परिशिष्टात जोडा. खाली बेरीज लिहा." तसं जोडलं. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी बाकी रिपोर्ट भरभर उलटला आणि त्याच पानावर थांबले. पुढची वीस मिनिटं आम्ही फक्त बादलीबद्दल बोलत होतो. पार्टनरने रेझ्युमेत ८८ चे ७३ केले. इंटरव्ह्यूत त्याला कोणी ते विचारलंही नाही.

गुलमंडीहून आणलेली नवी बादली लॅबमध्ये आहे. तिच्या छापील रेषांवर आम्ही काळी पट्टी चिकटवली आहे आणि शेजारी मार्करने आमच्या खुणा केल्या आहेत. कोणाला लागली तर बिनधास्त घेऊन जा, फक्त वापरून झाल्यावर धुवून ठेवा. वर्ट वाळला की जाम चिकटतो.